बागेइतकी ऊब घरालाही

थंडीची लाट यायची असते तेव्हा निफाडच्या शिवारात ती आधी आभाळात दिसते. ढग नावाला उरत नाही, वारा उत्तरेकडून वाहू लागतो आणि भर दुपारी सावलीत उभं राहिलं तरी दंडावर काटा येतो. हवामान खात्याचा इशारा मोबाइलवर येईपर्यंत इथला द्राक्षबागायतदार कामाला लागलेला असतो. त्या दुपारी, त्या संध्याकाळी आणि त्या पहाटे काय काय करायचं याची यादी त्याला तोंडपाठ असते. घरासाठी अशी यादी मात्र फार थोड्यांकडे असते. गावच्या आरोग्याचं काम पाहणाऱ्या आशा स्वयंसेविकेबरोबर, म्हणजे आशाताईंबरोबर, या तालुक्यातल्या वस्त्यांवर हिंडताना मी ती यादी घडताना पाहिली आहे.

निफाडला एवढी थंडी का पडते, हे आधी समजून घेऊ. उत्तर भारतावरून पश्चिमी विक्षोभ पुढे सरकला की त्याच्या मागून कोरडे, गार वारे खाली उतरतात. रात्री आभाळ निरभ्र असलं, हवा कोरडी असली आणि वारा पडलेला असला, म्हणजे जमिनीनं दिवसभर साठवलेली उष्णता विनाअडथळा वर निघून जाते. गार हवा जड असते. ती उतारानं वाहत येऊन सखल जागी साचते. निफाड नेमकं गोदावरी आणि कादवेच्या खोलगट पट्ट्यात आहे. या दोन्ही नद्या नांदूर मध्यमेश्वरला एकमेकींना भेटतात. म्हणून ज्या रात्री नाशिक शहरात गारठा असतो, त्या रात्री इथं हुडहुडी भरते. 2018 च्या डिसेंबरअखेर इथला पारा दोन अंशांच्याही खाली गेला होता.

हा पारा मोजला जातो कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात. सपाटीच्या प्रदेशात किमान तापमान 10 अंश किंवा त्याहून कमी असेल आणि ते सरासरीपेक्षा किमान 4.5 अंशांनी घसरलेलं असेल, तर हवामान खातं थंडीची लाट जाहीर करतं. सरासरी काहीही असो, पारा 4 अंशांवर किंवा त्याखाली गेला तरी ती लाटच. 2 अंशांवर किंवा त्याखाली गेला तर तीव्र लाट. पण हा आकडा जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, हवेशीर पांढऱ्या पेटीत ठेवलेल्या तापमापकाचा असतो. उघड्या जमिनीलगत त्याच पहाटे आणखी काही अंश गार असतं. पारा शून्याच्या वर असतानाही गवतावरचं दव गोठलेलं दिसतं ते त्यामुळेच. आपण बातमीत ऐकतो तो आकडा पेटीतला, आणि ज्यांचं अंथरूण मातीवर आहे त्यांची रात्र त्याहून गार.

बागेतली तयारी पाहण्यासारखी असते. ऑक्टोबरच्या सुमारास छाटलेल्या बागांत डिसेंबरअखेर मण्यांत पाणी उतरू लागतं. अशा वेळी पारा एकदम घसरला की पाण्यानं भरलेल्या मण्याची साल ताण सोसत नाही, मणी तडकतात. दिवसाच्या आणि रात्रीच्या तापमानात मोठी तफावत पडली की पांढऱ्या द्राक्षांत गुलाबी मणी निघतात आणि निर्यातीचा माल बाद होतो. म्हणून बांधाबांधावर छाटलेल्या काड्यांचे आणि पाचटाचे ढीग लावले जातात. पाचट मुद्दाम थोडं ओलसर ठेवतात, म्हणजे जाळ कमी आणि धूर जास्त. मध्यरात्रीनंतर ते पेटवले की धूर मांडवाखाली पसरून राहतो. पहाटे ठिबक सुरू करतात, कारण विहिरीचं पाणी बाहेरच्या हवेपेक्षा बरंच उबदार असतं. मांडवाच्या तारेला तापमापक टांगलेला असतो. आणि घडांना कागद लावलेले असतात. एकरभर बागेतल्या हजारो घडांना, एकेकाला हातानं गुंडाळून, पिना मारून. हे नाजूक काम करायला पेठ-सुरगाण्याकडून आलेली कुटुंबं असतात, आणि दिवसभर घडांना कागद लावणाऱ्या बायका रात्री बागेच्या कडेच्या ताडपत्रीखाली झोपतात.

घराच्या तयारीत, मी ज्या आशाताईंबरोबर फिरले त्यांची सुरुवात छपरापासून होते. "आधी वर बघायचं, मग भिंतीकडं," त्या म्हणाल्या. गावातली बरीचशी घरं आता पत्र्याची आहेत. निरभ्र रात्री पत्रा आपली उष्णता आभाळाला देऊन टाकतो आणि बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतो. आत झोपलेल्यांच्या श्वासातली वाफ त्याला लागून थेंब होते आणि पहाटे ते थेंब गोधडीवर पडतात. ओली गोधडी पांघरण्यापेक्षा न पांघरलेली बरी, इतकी ती अंगातली ऊब ओढून घेते. उपाय अवघड नाही. पत्र्याखाली वीतभर अंतर सोडून बारदानाचा किंवा जुन्या लुगड्यांचा दुहेरी पडदा ताणून बांधायचा. मधे अडकलेली हवाच खरं काम करते. फक्त चूल आणि दिवा त्याच्यापासून लांब हवेत.

मग भिंती. उत्तरेकडच्या कुडाच्या फटी शेणमातीनं बुजवायच्या, दाराच्या उंबऱ्याशी पोतं गुंडाळून ठेवायचं. पण छपराजवळचा झरोका बुजवायचा नाही, यावर आशाताई अडून बसतात. शेवटी जमीन. माणसाच्या अंगातली ऊब वरून जाते तशी खालूनही जाते; दोन गोधड्या असतील तर एक अंगाखाली हवी. इथं द्राक्षाच्या पेट्यांचे पुठ्ठे घरोघरी पडलेले असतात. पाचटाचा जाड थर, त्यावर पुठ्ठे, त्यावर गोधडी, असं अंथरूण एका वस्तीवर माझ्यासमोर तयार झालं. त्यावर हात ठेवला तेव्हा खालचा गारवा हाताला लागला नाही.

या सगळ्यात वेळ महत्त्वाची. पांघरुणं उन्हात घालायची ती सकाळी, आणि उचलायची ऊन उतरण्याआधी, गरम असतानाच घडी घालून. सूर्य मावळल्यावर दोरीवर राहिलेली गोधडी दव पिते. रात्री आठला कुणाला हुडहुडी भरली म्हणून धावाधाव करून हे होत नाही. थंडीची तयारी उन्हात करायची असते.

बाळंतिणीच्या खोलीत आशाताईंचा वेळ सगळ्यांत जास्त जातो. घरी येऊन नवजात बाळ तपासण्याचे त्यांचे दिवस ठरलेले आहेत: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा. लाटेचा इशारा असला की त्या ठरलेल्या दिवसाची वाट पाहत नाहीत. बाळाला थंडी वाजली तरी ते मोठ्या माणसासारखं कुडकुडू शकत नाही. वजनाच्या मानानं त्याची कातडी मोठी, त्यामुळे ऊब झपाट्यानं जाते. अडीच किलोंपेक्षा कमी वजनाचं बाळ तर फारच लवकर गार पडतं. एका घरी आशाताईंनी बाळाच्या काखेत थर्मामीटर लावला. साडेछत्तीस ते साडेसदतीस अंश सेल्सिअस हवं. मग त्यांनी आजीचा हात धरून बाळाच्या पायाला आणि पोटाला लावला.

"पाय गार आणि पोट गरम, म्हणजे बाळ थंडीशी झुंजतंय, आजी. त्याला लगेच छातीशी घ्यायचं. पोटही गार लागलं तर उजाडायची वाट बघायची नाही. मला उठवा, 102 ला फोन लावा."

छातीशी घ्यायचं म्हणजे बाळाला टोपडं, पायमोजे आणि लंगोट एवढंच ठेवून आईच्या उघड्या छातीवर, कातडीला कातडी लावून उभं धरायचं आणि वरून दोघांना पांघरायचं. ही पद्धत 1978 मध्ये कोलंबियातल्या बोगोटाच्या एका रुग्णालयात सुरू झाली, बाळं ठेवायच्या काचेच्या पेट्या पुरेनात म्हणून. आई दमली तर बापानं घ्यावं, आजीनं घ्यावं. खोलीत बसलेल्या तरुण बापाला हे नवीन होतं. त्यानं सदरा काढून बाळ छातीशी घेतलं तेव्हा आजी आधी दचकल्या, मग त्यांनीच आपली शाल दोघांभोवती लपेटली.

घरी जाऊन बाळ तपासण्याच्या या कामाचा पाया महाराष्ट्रातच घातला गेला. गडचिरोलीच्या खेड्यांत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. बाळ गार पडू न देणं हा त्या शिकवणीचा महत्त्वाचा भाग होता. तिथं नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी घटल्याचा त्यांचा अभ्यास 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला, आणि 2011 पासून हे काम देशभरच्या आशांकडे आलं. थर्मामीटर आणि उबदार दुपटं घेऊन बांधाबांधानं चालणाऱ्या बाईच्या मागे एवढी मोठी पुण्याई उभी आहे, हे गावानं विसरू नये.

त्याच खोलीत बाजेखाली शेगडी होती, आणि खिडकीला पोतं खिळलेलं. बाळंतिणीला शेक द्यायची आपली रीत जुनी आहे आणि तिच्यामागची माया खरी आहे. पण बंद खोलीत धुमसणारे निखारे जीव घेतात. कोळसा अर्धवट जळताना कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, गुंगी येते. झोपेत असलेल्याला यातलं काहीच कळत नाही. धूर दिसत नाही म्हणून लाल निखारा निर्धोक वाटतो, आणि लोक फसतात ते तिथंच. आशाताईंनी शेगडी अंगणात नेली, खिडकीचं पोतं वरून हातभर सोडवलं, आणि बाटल्यांत गरम पाणी भरून, त्यांना जाड फडकं गुंडाळून अंथरुणात ठेवायला सांगितलं. बाटली अंथरूण गरम करण्यापुरती. बाळ निजवण्याआधी काढून घ्यायची.

म्हाताऱ्या माणसांचं दुखणं वेगळं. थंडीनं रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो आणि हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. पहाटे उबदार अंथरुणातून उठून थेट अंगणात जाणं हा अशा माणसासाठी सगळ्यांत धोक्याचा क्षण. एका घरी आजोबा पहाटे चारला उठून विहिरीवर न्हायचे. आयुष्यभराचा नेम, तो मोडा असं आशाताईंनी म्हटलं नाही. "नेम मोडू नका, बाबा. ऊन अंगणात आल्यावर आंघोळ करा, देव थांबेल तेवढा," असं म्हटलं. शिवाय रक्तदाबाच्या गोळ्या संपल्यात का ते पाहिलं, रात्रीसाठी खोलीतच भांडं ठेवायला सांगितलं, कानटोपी उशाशी ठेवली. एका जाड स्वेटरपेक्षा दोन पातळ कपडे एकावर एक घातले तर मधली हवा ऊब धरते. आणि दारूनं थंडी पळते हा समज घातक आहे. दारूनं कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. अंग गरम वाटतं, पण आतली ऊब बाहेर निघून जात असते.

गोठ्याकडे बायकांचं आपोआप लक्ष असतं. उत्तरेच्या बाजूला बारदान, खाली कोरडं पाचट, पाजायला कोमट पाणी, करडं रात्री घरात. हे कुणाला सांगावं लागत नाही.

सांगावं लागतं ते बागेच्या आणि उसाच्या फडाच्या कडेला उतरलेल्या वस्तीसाठी. पाचटाच्या कोप्या आणि ताडपत्रीची पालं. तिथली तयारी मी शेवटी पाहिली, आणि ती सगळ्यांत आधी व्हायला हवी होती. पालाचं तोंड पूर्वेकडे वळवलं, म्हणजे उत्तरेचा वारा थेट आत येत नाही आणि उजाडताच ऊन आत शिरतं. ताडपत्रीच्या कडांवर मातीचा बांध घातला. आत पाचट आणि पुठ्ठे अंथरले. शेकोटी पालापासून दूर, कारण कोरडं पाचट ठिणगीनं पेटतं; निजण्याआधी तिच्यावर पाणी ओतलं. बागमालकानं जास्तीची बारदानं आणि पुठ्ठे आणून दिले, अर्ध्या तासाचं काम होतं. त्याला कुणी विचारलंच नव्हतं, एवढाच अडसर होता.

हा अडसर सगळीकडे आहे. थंडीची लाट ही सरकारी यादीतली आपत्ती आहे; पूर आणि भूकंपाप्रमाणे तिच्यासाठीही राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून मदत देता येते. पण पुराला गाव जसं जागं होतं तसं थंडीला होत नाही. थंडी भिंत पाडत नाही. ती एका पालात, एका खोलीत येते, आणि झालेला मृत्यू न्यूमोनियाच्या, हृदयविकाराच्या किंवा 'झोपेतच गेले'च्या नावावर लिहिला जातो. शेतीची वीज रात्रीची असली की शेतकरी मध्यरात्री ओल्या पायांनी वाफ्यात उभा राहतो, तेही या हिशेबात कुठं येत नाही.

गावाला जमणार नाही असं यात काही नाही. ग्रामपंचायतीनं समाजमंदिर किंवा शाळेची एक खोली लाटेच्या रात्री उघडी ठेवावी. आशाताईंकडे बाळंतिणींची यादी असतेच; तिला एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची आणि पालांवरच्या कुटुंबांची यादी जोडावी. बागमालकांनी बारदान, पुठ्ठे आणि ताडपत्री कोण देणार ते आधी ठरवावं. लाटेच्या दिवसांत तरी शेतीची वीज दिवसा मिळावी, यासाठी सगळ्यांनी मिळून धरणं धरावं. ही यादी इशारा आल्यावर करायची नाही. बागायतदार ऑक्टोबरच्या छाटणीबरोबर हंगामाचा हिशेब मांडतो; गावाची यादीही त्याच आठवड्यात लिहून व्हावी, आणि तिच्यात पहिली नावं घडांना कागद लावणाऱ्यांची असावीत.