भीड नसलेला माणूस

'भीड भिकेची बहीण' ही म्हण माझ्या आजीच्या तोंडी उसनवारीच्या संदर्भात यायची. बँका आणि शेअरबाजार कोसळल्याच्या कहाण्या वाचताना मला ती पुन्हा पुन्हा आठवते. बहुतेक ठिकाणी आधी भीड आलेली असते, आकडे त्यानंतर बिघडतात. ज्याने रोखायचं आणि ज्याला रोखायचं, ते दोघे एकाच पंगतीला जेवत असतात. मग बाहेरचा जाणकार बोलवा, अशी हाक उठते. लगेच दुसरा सवालही येतो : घरच्या तिजोरीच्या किल्ल्या परक्याच्या हाती का द्यायच्या? दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. गेल्या शंभर वर्षांत अनेक देशांनी हा प्रयोग केला आहे, तेव्हा त्याचा ताळेबंद मांडून पाहू.

या वाटेवरचं पहिलं मोठं नाव एडविन केमरर. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाचा हा प्राध्यापक 1923 मध्ये अर्थसल्लागार म्हणून कोलंबियात गेला आणि पुढे चिली, एक्वादोर, बोलिव्हिया, पेरू असा फिरत राहिला. केमररचा शिक्का असला की न्यूयॉर्कमध्ये कर्ज सुलभ होई, हेही त्याला बोलावण्यामागचं एक कारण होतं. तो कोलंबियाच्या राजधानीत, बोगोटात असतानाच जुलै 1923 मध्ये लोपेझ बँकेवर ठेवीदारांची झुंबड उडाली, आणि त्याने सुचवलेली नवी मध्यवर्ती बँक घाईघाईने उघडावी लागली. ती आजही कोलंबियाची मध्यवर्ती बँक आहे. पण केमररने प्रत्येक देशाला सुवर्णमानाची एकच मात्रा चाटवली होती. महामंदीत त्या मात्रेचं विष झालं. सोनं बाहेर चाललं, पतपुरवठा आटला, आणि 1931-32 मध्ये एकेका देशाला सुवर्णमान सोडावा लागला. त्याने घालून दिलेली संस्था टिकली, त्याने दिलेलं धोरण टिकलं नाही. हा फरक पुढच्या सगळ्या कहाण्यांत कामाला येतो.

आता हाँगकाँग. 19 ऑक्टोबर 1987 या दिवशी हँगसेंग निर्देशांक 11 टक्क्यांहून अधिक घसरला. दुसऱ्या दिवशी बाजाराचे अध्यक्ष रोनाल्ड ली यांनी व्यवहारच बंद केले, ते चार दिवसांसाठी. सोमवारी, 26 तारखेला दारं उघडली आणि एका दिवसात निर्देशांक 33 टक्के कोसळला. वायदेबाजारातले सौदे बुडू नयेत म्हणून जी हमी कंपनी होती, तिचं भांडवल होतं अवघं दीड कोटी हाँगकाँग डॉलर, आणि तिला सावरायला तातडीने 200 कोटी उभे करावे लागले. बाजार बंद करणं कायद्यात बसतं का, असं एका पत्रकाराने विचारलं तेव्हा ली भडकले आणि त्यालाच अटक करा म्हणाले. बाजार म्हणजे आपलं घर, तिथे विचारणारे तुम्ही कोण, अशी ही भावना होती.

सरकारने चौकशीसाठी लंडनहून इयान हे डेव्हिसन यांना बोलावलं. पेशाने हिशेबतपासनीस असलेले डेव्हिसन त्याआधी लंडनच्या लॉइड्स या विमाबाजारातही बाहेरून आलेले अधिकारी म्हणून राहिले होते, त्यामुळे बंद दाराआडच्या मंडळींशी वागायची त्यांना सवय होती. 1988 च्या त्यांच्या अहवालाचं सार असं, की आतल्या एका गटाने बाजार खासगी क्लबासारखा चालवला आहे. ही सार्वजनिक सोय आहे आणि ती तशीच चालली पाहिजे. हे त्या शहरातल्या अनेकांना ठाऊक होतं, पण सही करून लिहायला बाहेरचा माणूस लागला. 1989 मध्ये नवं नियामक मंडळ आलं. कंपन्यांच्या नोंदणीच्या बदल्यात शेअर घेतल्याबद्दल 1990 मध्ये ली यांना चार वर्षांची शिक्षा झाली. मात्र हाँगकाँग तेव्हा ब्रिटिश वसाहत होती आणि डेव्हिसन यांच्या पाठीशी सरकार उभं होतं, हे विसरून चालणार नाही. पाठबळ नसतं तर तो अहवाल कपाटातच राहिला असता.

तेव्हाच्या मुंबईची गोष्ट मी घरातच पाहिली आहे. वडील रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर शेअर सर्टिफिकिटं आणि ट्रान्सफर डीड मांडून बसायचे. टाचण्या, तिकिटं, रजिस्टर पोस्टाचं पाकीट, सगळं शिस्तीत. दोन-तीन महिन्यांनी तेच पाकीट परत यायचं : सही जुळत नाही. वडील कोऱ्या कागदावर आपलीच सही पुन्हा पुन्हा गिरवायचे, नमुन्यासारखी यावी म्हणून. दलालाने कोणत्या भावाने शेअर घेतले, हेही कळायचं नाही; दिवसभरातला त्याच्या सोयीचा भाव लावला तरी आमच्याकडे पुरावा कुठे होता? 1875 पासूनचा मुंबईचा हा शेअरबाजार दलालांच्या मालकीचा आणि दलालांच्याच कारभाराखाली होता. एप्रिल 1992 मध्ये पत्रकार सुचेता दलाल यांनी शेअरदलाल हर्षद मेहताचं प्रकरण बाहेर काढलं, आणि बँकांतला पैसा बाजारात कसा फिरत होता ते देशाने पाहिलं.

इथे बाहेरचा माणूस परदेशातून आला नाही, दलाल स्ट्रीटच्या बाहेरून आला. आयडीबीआयमधले अर्थतज्ज्ञ डॉ. रा. ह. पाटील यांनी नॅशनल स्टॉक एक्स्चेंज उभं केलं. हाँगकाँगच्या एका सल्लागार संस्थेची मदत घेतली, पण सूत्रं स्वतःकडे ठेवली. मालकी वित्तसंस्थांची, आणि दलालाला हक्क फक्त व्यवहाराचा. नोव्हेंबर 1994 मध्ये शेअरांचे सौदे सुरू झाले. उपग्रहाच्या जोडणीने दूरच्या गावातला भाव आणि मुंबईतला भाव एकच झाला. वर्षभरात उलाढालीत जुना बाजार मागे पडला. 1996 मध्ये शेअर कागदाऐवजी संगणकावर नोंदवणारी डिपॉझिटरी आली आणि वडिलांचा सही गिरवण्याचा कागद कायमचा गेला. पण पुढे याच नव्या एक्स्चेंजमध्ये काही दलालांना इतरांआधी माहिती मिळण्याचं प्रकरण निघालं आणि 2019 मध्ये बाजाराच्या नियामकाला, सेबीला, आदेश काढावा लागला. कालचा बाहेरचा आज आतला होतो. भीड नव्या इमारतीतही घर करते.

सर्वांत बोलका धडा मात्र आइसलँडचा. सव्वातीन लाखांच्या आतबाहेर वस्तीचा देश, जिथे सगळे एकमेकांना ओळखतात. ऑक्टोबर 2008 मध्ये त्याच्या तिन्ही मोठ्या बँका आठवड्याभरात बुडाल्या. त्यांचा पसारा देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या नऊ-दहा पट झाला होता. मध्यवर्ती बँकेच्या प्रमुखपदी माजी पंतप्रधान बसले होते. फेब्रुवारी 2009 मध्ये नव्या सरकारने कायदाच बदलला आणि स्वाइन हाराल्ड ओयगार या नॉर्वेच्या नागरिकाला हंगामी गव्हर्नर नेमलं. ऑगस्टमध्ये ते पायउतार झाले आणि आइसलँडच्याच अर्थतज्ज्ञाने सूत्रं घेतली. गुन्ह्यांच्या तपासासाठी विशेष वकील हवा होता, तर पहिल्या जाहिरातीला एकही अर्ज आला नाही. अखेर अक्रानेस या छोट्या गावातले पोलीसप्रमुख पुढे झाले. नॉर्वेत जन्मलेल्या फ्रेंच दंडाधिकारी एव्हा जोली सल्लागार म्हणून आल्या आणि तुटपुंज्या माणसांवर हा तपास होणार नाही, असं त्यांनी सरकारला तोंडावर सांगितलं. पथक वाढलं. 2015 मध्ये काउपथिंग बँकेच्या वरिष्ठांच्या शिक्षा सर्वोच्च न्यायालयात कायम झाल्या.

मात्र बँका का बुडाल्या याचा मुख्य अहवाल संसदेने नेमलेल्या आइसलँडच्याच तीन जाणकारांनी लिहिला. दोन हजारांवर पानांचा तो अहवाल एप्रिल 2010 मध्ये आला, तेव्हा रेक्याविकच्या नाट्यगृहात नटनट्यांनी तो दिवसरात्र आळीपाळीने पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मोठ्याने वाचला. कर्जांचे आकडे, बैठकांचे वृत्तांत, नावं. सगळं स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या लोकांसमोर.

म्हणून माझं उत्तर असं. हिशेब तपासायला, सडलेलं दाखवायला, तुंबलेली चौकशी मोकळी करायला बाहेरचा माणूस जरूर बोलवावा, कारण त्याला इथे कुणाच्या लग्नाला जायचं नसतं. पण त्याला कायद्याचं बळ द्यावं, जाण्याची तारीख आधी ठरवावी आणि त्याची जागा घेणारा आपला माणूस त्याच दिवसापासून तयार करावा. देशाने कुठल्या वाटेने जायचं हे मात्र त्याच्यावर सोपवू नये. वाट चुकली तर तो आपल्या गावी परत जातो, चालायचं राहतं ते इथल्यांना. इस्रायलने अमेरिकेतल्या स्टॅन्ली फिशर यांना 2005 मध्ये मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर नेमताना त्यांना आधी नागरिक करून घेतलं, त्यामागचं शहाणपण हेच.

भीड मोडायला परका चालतो. मोडलेली भीड पुन्हा जडू नये, ही राखण मात्र घरच्यांनाच करावी लागते. रेक्याविकच्या त्या नाट्यगृहात बसून ज्यांनी स्वतःच्या देशाचा हिशेब रात्रभर ऐकला, त्यांच्यासारखी.