कॉम्प्युटर चालू होता होताच बंद पडतोय? ‘फॉरमॅट मारा’ म्हणण्याआधी एवढं बघा

बटण दाबलं, पंखा फिरला, कंपनीचं नाव आलं, गोल गोल टिपके फिरले आणि मशीन पुन्हा पहिल्यापासून सुरू. असं दोन-तीनदा झालं की कॉम्प्युटर मोटारसायकलवर पुढ्यात धरून तालुक्याच्या दुकानात जातो. दुकानदार म्हणतो, ‘विंडोज गेली, फॉरमॅट मारावं लागेल.’ हो म्हटलं की संध्याकाळी मशीन चालू होऊन मिळतं. पण डेस्कटॉपवर ठेवलेले लग्नाचे फोटो, दूध संकलनाचा हिशेब, पोरांच्या दाखल्यांचे स्कॅन, सगळं गेलेलं असतं. आणि कित्येकदा दोष विंडोजचा नसतोच.

दोष कुठे आहे हे मशीन स्वतःच दाखवत असतं. फक्त ते नेमकं कधी बंद पडतं, तेवढं नीट बघायला लागतं. चालू होताना आधी वीज येते, मग मशीन आपली रॅम तपासतं, मग हार्ड डिस्क शोधतं आणि सगळ्यात शेवटी विंडोजचा नंबर लागतो. गाडी ज्या स्टेशनावर अडते, बिघाड बहुतेक तिथेच किंवा त्याच्या आसपास असतो.

वीजच नीट पोचत नसेल तर

पंखाही फिरत नाही, किंवा एक सेकंद फिरून थांबतो, अशा वेळी विंडोजचा विषयच येत नाही. आधी बोर्ड बदलून बघा, मागची वायर घट्ट बसवा. यूपीएसमधून लाईन घेतली असेल तर एकदा ती सोडून थेट लावा. यूपीएसची बॅटरी म्हातारी झाली की ती मशीन सुरू होतानाचा भार झेलत नाही आणि दोष कॉम्प्युटरवर येतो.

गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज पडतं हे सगळ्यांना माहीत आहे. सकाळी मशीन व्यवस्थित चालू होतं आणि दिवेलागणीला गटांगळ्या खातं, असं असेल तर आधी लाईनवर आणि नंतर एसएमपीएसवर संशय घ्या. एसएमपीएस म्हणजे कॅबिनेटमधला तो लोखंडी डबा, ज्यात मागची वायर जाते. तो बिघडला तर बदलायचा, घरी उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही त्याच्या आत जबर करंट साठलेला राहतो. बॉडीला हात लावला की झिणझिण्या येत असतील, तर घराची अर्थिंग आधी वायरमनकडून बघून घ्या.

पंखा फिरतो, पण स्क्रीन काळी

आतून ‘बीप बीप’ असा आवाज येत असेल किंवा नुसतीच काळी स्क्रीन असेल, तर बहुतेक वेळा रॅमची पट्टी निघते. धूळ आणि पावसाळ्यातला ओलावा यांनी तिच्या सोनेरी दातांवर थर बसतो. टेबलावरच्या कॉम्प्युटरचं हे काम घरी होण्यासारखं आहे. लॅपटॉप असेल तर तो कारागिराकडेच उघडू द्या, कारण त्याची बॅटरी आत जोडलेली असते.

प्लग पूर्ण काढा. चालू करायचं बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेला करंट उतरेल. कॅबिनेटच्या लोखंडाला एकदा हात लावा. बाजूचं झाकण काढल्यावर रॅमच्या टोकाचे चाप बाहेर ढकलले की पट्टी वर येते. तिचे सोनेरी दात पांढऱ्या खोडरबरानं हलक्या हातानं घासा आणि खोडरबराचा चुरा झटकून टाका. पट्टीच्या खाचेची दिशा बघून ती पुन्हा ‘टक्’ आवाज येईपर्यंत बसवा. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा, कुठली खराब ते लगेच कळतं. याला पाच मिनिटं लागतात आणि खर्च शून्य.

झाकण उघडलंच आहे तर मधल्या पंख्याकडेही बघा. त्यावर धुळीची गादी बसली असेल तर प्रोसेसर तापतो आणि मशीन स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतं. बंद पडलेलं मशीन लगेच चालू होत नाही, अर्ध्या तासानं होतं, ही उष्णतेची खूण. पंखा बोटानं धरून ठेवून ब्रशनं साफ करा. मागची उघडी फट बंद केलेली बरी. झुरळं आणि पाली त्याच वाटेनं आत जातात.

कंपनीचं नाव येतं आणि तिथेच अडतं

आधी पेन ड्राइव्ह काढा. ऐकायला गंमत वाटेल, पण मशीन कधी कधी पेन ड्राइव्हमध्येच विंडोज शोधत बसतं. प्रिंटर, डोंगल वगैरेही काढून फक्त कीबोर्ड, माउस आणि स्क्रीन ठेवा.

जुन्या मशीनची तारीख दर वेळी मागे जात असेल तर आतला नाण्याएवढा सेल संपलाय. सीआर २०३२ नावानं तो घड्याळाच्या दुकानातही मिळतो. सेल संपला की मशीन आपली सेटिंग विसरतं, डिस्क कशी वाचायची तेही विसरू शकतं, आणि मग विंडोज उघडताना ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ अशी निळी स्क्रीन येते. अशा वेळी सेल बदलून ती सेटिंग पूर्वीसारखी केली की काम भागतं. फॉरमॅट मारून उपयोग नाही, सेल तसाच राहिला तर दुखणं परत येणारच.

हार्ड डिस्कमधून टकटक किंवा खरवडल्यासारखा आवाज येत असेल तर मात्र तिथेच थांबा. मशीन पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका. दर वेळी डिस्क आणखी खराब होते आणि आतला मजकूर वाचवणं अवघड होत जातं.

विंडोजचं चिन्ह येऊन पुन्हा सुरू होत असेल

इथे विंडोजवर संशय घ्यायला जागा आहे. अपडेट चालू असताना लाईट गेली, तर हे हमखास होतं. स्क्रीनवर निळ्या किंवा काळ्या रंगात काही इंग्रजी अक्षरं येऊन जातात, त्यांचा मोबाईलवर फोटो काढा. दुरुस्ती करणाऱ्याला तोच फोटो सगळ्यात जास्त उपयोगी पडतो.

विंडोज १० आणि ११ मध्ये सुरुवात दोन-तीनदा फसली की दुरुस्तीचा पडदा आपोआप येतो. नाही आला तर टिपके फिरत असताना बटण दाबून धरून मशीन बंद करा, असं लागोपाठ करा. ‘ट्रबलशूट’मधून ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जा. आधी ‘स्टार्टअप रिपेअर’, मग ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’, मग ‘सिस्टिम रिस्टोर’ करून बघा. या तिन्हींनी तुमचे फोटो आणि फाइली जात नाहीत. ‘स्टार्टअप सेटिंग्ज’मधून ४ दाबलं की सेफ मोड उघडतो. त्यात मशीन चालत असेल, तर बिघाड बहुतेक नव्यानं टाकलेल्या सॉफ्टवेअरचा किंवा ड्रायव्हरचा आहे. ते काढून टाका.

१९ जुलै २०२४ रोजी जगभरातले सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर असेच चालू होता होता कोसळत होते. आपल्याकडच्या विमानतळांवर बोर्डिंग पास हातानं लिहून द्यावे लागले. कारण होतं क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरची एक सदोष फाइल. अडकून बसलेल्या मशीनवर उपाय होता सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाइल काढणं.

त्याच पडद्यावर ‘रिसेट धिस पीसी’ असंही दिसतं. घाईत तिथे बोट जाऊ देऊ नका. त्यात ‘कीप माय फाइल्स’ निवडलं तर फाइली राहतात, पण टाकलेली सॉफ्टवेअर जातात. ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ म्हणजे सगळंच साफ.

दुकानात न्यावंच लागलं तर

‘डी ड्राइव्हमध्ये सगळं आहे, सी उडालं तरी चालेल’ असं लोक बिनधास्त सांगतात. पण डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स हे तिन्ही फोल्डर साधारणपणे सी ड्राइव्हमध्येच असतात. टॅलीसारख्या सॉफ्टवेअरचा डेटाही कुठे आहे ते विचारून ठेवा.

विंडोज उघडत नाही म्हणजे फाइली गेल्या असं नसतं. डिस्क धडधाकट असेल तर ती काढून यूएसबी केबलनं दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडता येते, किंवा पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालू करून फाइली उतरवता येतात. दुकानदाराला हे जमतं, फक्त सांगावं लागतं. ‘आधी डेटा या डिस्कवर काढा, मी बघतो, मगच विंडोज टाका’ असं सांगा आणि ते पावतीवर लिहून घ्या. ‘चेक डिस्क’सारखी दुरुस्तीही डेटा काढल्यावरच करू द्या, कारण मरायला टेकलेल्या डिस्कला ती झेपत नाही.

नव्या लॅपटॉपमध्ये एक अडचण वेगळी आहे. त्यात डिस्क बऱ्याचदा बिटलॉकरनं कुलूपबंद असते आणि ४८ आकडी किल्ली मागते. ही किल्ली ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॅपटॉप सुरू केला, त्यात सहसा साठवलेली असते आणि मोबाईलवरून तिथे जाऊन बघता येते. ते खातं दुकानदारानं त्याच्या ईमेलवर उघडून दिलं असेल तर पंचाईत. किल्ली नाही तर डिस्क चांगली असूनही फाइली मिळत नाहीत.

विंडोज १०चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, म्हणून मशीन बंद पडतंय, नवीनच घ्या, असंही कुणी सांगेल. अपडेट थांबल्यानं सुरक्षितता कमी होते हे खरं, पण त्यानं कॉम्प्युटर चालू व्हायचा थांबत नाही. नवीन घ्यायचा तर सावकाश घ्या. त्याआधी जुन्याची रॅम एकदा काढून पुसून बघायला हरकत नाही.