रक्त थिजविणारें द्रव्य

बोट कापलें कीं रक्त थोड्याच वेळांत थिजतें. मग तें शिरांतच कां थिजत नाहीं? कारण, थिजविणारें थ्रॉम्बिन हें द्रव्य तेथें प्रोथ्रॉम्बिनच्या रूपानें निद्रिस्त असतें. जखम होतांच तें जागृत होऊन रक्तांत विरघळलेल्या फायब्रिनोजेनाचे चिवट तंतु बनवितें. प्रयोगशाळेंत रुग्णाच्या रक्तद्रवांत थ्रॉम्बिन घालून तो किती सेकंदांत थिजतो हें मोजतात. विलंब लागल्यास फायब्रिनोजेन उणें पडल्याचा संभव असतो.

घोणशीचें विष थ्रॉम्बिनास अकाली जागें करून हा साठा संपवितें. मग रक्त थिजेनासें होतें. म्हणून दंश झालेल्याचें रक्त कोरड्या काचनळींत २० मिनिटें न हालवितां ठेवतात. न थिजल्यास प्रतिविष देतात. वाचकांस आमचें एवढेंच सांगणें आहे कीं, सर्पदंश होतांच मांत्रिकाची वाट न पाहतां रुग्णालय गाठावें.