राखेत उतरलेला धूर

२४ ऑक्टोबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेश, हरियाणा व राजस्थान या राज्यांत फर्नेस ऑइल व पेटकोक जाळण्यास मनाई केली. त्याच वर्षी डिसेंबरात सिमेंट कारखान्यांना मात्र पेटकोकची मुभा मिळाली. वरवर पाहता हा पक्षपात वाटेल. वस्तुतः तो रसायनशास्त्राचा निवाडा होय. सिमेंटच्या भट्टीत चुनखडी असतेच, आणि इंधनातील गंधक ती धरून ठेवते.

मग बॉयलरात तेलाबरोबर चुनखडीच का घालू नये? नेहमीच्या तेलज्वालेत ते साधत नाही, कारण तेथील प्रखर उष्णतेत चुना व गंधक यांची गाठ टिकत नाही. त्यासाठी भट्टी थंड हवी. अर्थात आठशे ते नऊशे अंश सेल्सियस इतपत 'थंड'. वाळूच्या जाड थराखालून जोराने हवा सोडली की ती वाळू आधणासारखी खदखदू लागते. अशा तापलेल्या वाळूत इंधन जाळणे म्हणजे फ्लुइडाइज्ड बेड. जर्मनीत फ्रिट्झ विंकलर यांनी १९२० च्या दशकात कोळशापासून वायू काढण्यासाठी हे तत्त्व वापरले. या तापमानात हवेतला नायट्रोजन प्राणवायूशी फारसा संयोग पावत नाही, हा आणखी एक लाभ.

तथापि तेल म्हणजे कोळसा नव्हे. कोळशाचा खडा वाळूत घोळत सावकाश जळतो. तेलाचा थेंब वाळूत शिरताच त्याची वाफ होते, ती हवेच्या बुडबुड्यांत शिरून वर निसटते आणि थराच्या माथ्यावर पेट घेते. चुनखडी खाली, गंधक वर! शिवाय हवा नीट मिसळली नाही तर कार्बन मोनॉक्साइड व अर्धवट जळलेली हायड्रोकार्बने धुराड्यावाटे बाहेर पडतात. म्हणून तेल अनेक तोट्यांतून, बारीक फवारून, थराच्या तळाशीच सोडावे लागते व थरही पुरेसा खोल ठेवावा लागतो. खरे कौशल्य येथे आहे. वाळू उकळवणे त्यामानाने सोपे.

आता हिशेब पाहावा. साडेतीन टक्के गंधकाच्या एक टन तेलात ३५ किलो गंधक असते. त्यापासून ७० किलो सल्फर डाय-ऑक्साइड होतो. तो पकडण्यास कागदावर सुमारे ११० किलो चुनखडी पुरते, पण प्रत्येक कणाच्या गाभ्यापर्यंत वायू पोचत नसल्याने प्रत्यक्षात दुप्पट किंवा अधिक लागते. ही २२० किलो चुनखडी तापताना स्वतःच ९५ किलोंच्या आसपास कार्बन डाय-ऑक्साइड सोडते. उरते ती राख: जिप्समच्या जातीचे कॅल्शियम सल्फेट, पाणी लागताच तापणारा कळीचा चुना, आणि जड तेलातून आलेले व्हॅनेडियम व निकेल.

आणखी एक वायू सहसा लक्षात येत नाही. प्रखर ज्वालेत नायट्रस ऑक्साइड नष्ट होतो. थंड थरात तो तग धरतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने, वजनास वजन, कार्बन डाय-ऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तो पृथ्वी तापवतो. थराचे तापमान वाढवले तर हा वायू घटतो, पण गंधक सुटू लागते. दोन्ही एकदम साधत नाहीत.

धुराड्याच्या तोंडाशी मोजलेल्या आकड्यावर परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याने म्हणूनच आणखी दोन प्रश्न विचारावेत: राख कोठे टाकता, आणि पावसाळ्यात तिच्यावर छप्पर असते काय?