शेतावरील शिकारी पक्षी

ससाणा हातावर बसवून शिकार करणे हा एके काळी राजेरजवाड्यांचा शौक होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे असे पक्षी पकडणे आता गुन्हा आहे. महागाव तालुक्यातील शेतकऱ्यास त्याची गरजही नाही.

सकाळी कपाशीच्या वा हरभऱ्याच्या रानावर काळ्या खांद्यांचा, लाल डोळ्यांचा एक पांढुरका पक्षी पंख फडफडवीत अधांतरी थांबलेला दिसतो. हीच कापशी घार. खाली उंदीर हालला की ती पाय सोडून झेपावते. दिवस मावळल्यावर पाळी गव्हाणी घुबडाची. पडक्या वाड्यात राहणारे हे जोडपे पिलांसाठी रात्रभर उंदीर वाहते. त्यास अशुभ मानून दगड मारणारा आपलाच राखणदार हाकलतो.

खरा धोका विषाचा आहे. ब्रोमॅडिओलोन खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. काही दिवस सुस्तावून उघड्यावर फिरतो, आणि नेमका तोच या पक्ष्यांच्या तावडीत सापडतो. म्हणून आमिष बिळातच घालून तोंड लिंपावे, मेलेले उंदीर रोज वेचून खोल पुरावेत. पिकाहून दोन हात उंच, आडवी काठी बांधलेले खांब शेतात रोवावेत; त्यांवर दिवसा कापशी, रात्री घुबड बसते. हरभरा घाट्यावर येण्यापूर्वी हे काम उरकावे.