विज्ञानपटांतील चमत्कार आणि सांच्यांतलीं माणसें

विज्ञानकथांवर उभारलेले, अफाट खर्चाचे मारामारीचे चित्रपट आतां शहरापुरते राहिले नाहींत. भोरच्या पेठेंतलें घर असो कीं वेल्ह्याकडील एखादी डोंगरांतली वाडी असो, दिवाणखान्यांतल्या पडद्यावर ते येऊन पोंचले आहेत, आणि आजोबांपासून नातवंडांपर्यंत सारें कुटुंब ते एकत्र बसून पाहतें. यंत्रमानवांचीं युद्धें आणि कोसळणारीं नगरें पाहून मुलें थक्क होतात. थक्क होण्यांत वाईट कांहींच नाहीं. विचार करण्याजोगा प्रश्न एवढाच कीं, डोळे दिपले असतां मनांत काय शिरतें?

अद्भुत रस आम्हांस परका नाहीं. भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’च्या सहाव्या अंकांत लव आणि चंद्रकेतु एकमेकांवर आग्नेय, वारुण, वायव्य अशीं अस्त्रें सोडतात. परंतु तें युद्ध रंगभूमीवर दिसत नाहीं. आकाशांतून पाहणारें विद्याधरांचें जोडपें तें आपणांस सांगतें. युद्ध आणि मृत्यु प्रत्यक्ष दाखवूं नयेत, असा नाट्यशास्त्राचा संकेतच होता. या मर्यादेचा एक लाभ असा कीं, कवीचें सारें बळ माणसांसाठीं शिल्लक राहिलें. अस्त्रांचा प्रकाश मावळल्यावर राम येतो, आणि अनोळखी मुलांना पाहून त्याच्या मनाची जी कालवाकालव होते, तीच प्रेक्षक घरीं घेऊन जातो.

आजच्या यंत्रविद्येनें ही मर्यादा पुसून टाकली. अशा चित्रपटाचा खर्च एका देशाच्या प्रेक्षकांकडून भरून निघत नाहीं. तो साऱ्या जगांत, अनेक भाषांत चालावा लागतो. स्फोटाला भाषांतर लागत नाहीं, म्हणून स्फोट वाढतात. स्वभाव मात्र सावकाश उलगडावा लागतो, आणि तितका वेळ कोणी देत नाहीं. मग माणूस क्षणांत ओळखू यावा म्हणून बाजारांत तयार असलेला सांचा उचलला जातो: कृष्णवर्णीय म्हणजे गमत्या, स्त्री म्हणजे शोभेची, खेडवळ म्हणजे भोळा.

सुमारें वीस कोटी डॉलर खर्चून २००९ सालीं ‘ट्रान्सफॉर्मर्स’ मालिकेंतील दुसरा चित्रपट निघाला. त्यांत स्किड्स आणि मडफ्लॅप हे दोन यंत्रमानव आहेत. कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या बोलण्याची नक्कल करीत ते भांडतात, एकाला सोन्याचा दांत आहे, आणि वाचण्याची वेळ येतांच वाचन आपल्याला जमत नाहीं असें ते सांगतात. यंत्राला वर्ण नसतो. तो मुद्दाम चिकटविला गेला. याबद्दल अमेरिकेंतच पुष्कळ टीका झाली.

आपल्याकडेहि तेंच. २०११ च्या ‘रा.वन’ या हिंदी चित्रपटास यांत्रिक करामतींसाठीं राष्ट्रीय पारितोषिक मिळालें. त्यांतला शेखर सुब्रह्मण्यम् हा बुद्धिमान तामिळ गृहस्थ. पण तो शेवयांसारख्या नूडल्समध्यें दहीं कालवून हातानें खातो आणि प्रेक्षकांनीं हंसावें म्हणूनच वावरतो. पुढें तोच नट पराक्रमी यंत्रपुरुष होऊन येतो, तेव्हां त्याच्या अंगावर तामिळपणाची खूणहि उरत नाहीं. हंसण्यासाठीं तामिळ आणि पराक्रमासाठीं निराळा, ही वांटणी कोणी केली?

दूर कशाला जा? भोरच्या राजवाड्यानें अनेक चित्रपटांस पार्श्वभूमि पुरविली आहे. पण या मुलखांतील माणसांच्या वाट्यास काय येतें? २०२० सालचा ‘तान्हाजी’ विज्ञानपट नव्हे, तरी त्याचे कडे आणि त्याची लढाई बरीचशी त्याच यंत्रविद्येनें घडविलेली आहे. १६७० सालीं कोंढाणा घेतला गेला तेव्हां वेल्ह्याकडील राजगड ही राजधानी होती, म्हणून ही कथा आमच्या उंबरठ्यावरची. त्यांत उदयभान भाजलेली मगर खाणारा राक्षस झाला, आणि मावळे बहुतांशी गर्जना करणारा एक समुदाय झाले. शत्रूला राक्षस केलें कीं त्याला जिंकणाऱ्याचें मोठेपणहि उणें होतें, हें ध्यानांत येत नाहीं.

खरे मावळे समुदाय नव्हते. कारीचे जेधे आणि हिरडस मावळचे बांदल हीं दोन्हीं या भोरच्या खोऱ्यांतलीं मानी घराणीं. शिंदचे बाजीप्रभु बांदलांच्या लोकांसह १६६० सालीं घोडखिंडींत लढले. त्यानंतर जेध्यांनीं दरबारांतील आपला पहिला मान बांदलांस दिला, असें जेधे करीन्यावरून कळतें. आपला मान स्वखुशीनें दुसऱ्यास देतांना त्या कारीकर देशमुखाच्या मनांत काय चाललें असेल? तें दाखवावयास यंत्र लागत नाहीं. माणूस जाणणारा लेखक लागतो.

कोणी म्हणेल, संस्कृत नाटकांतहि खादाड विदूषक ठरलेलाच होता. आक्षेप खरा आहे. परंतु ‘मृच्छकटिकां’तील स्थावरक पाहा. तो दास आहे, तरी धनी शकार वसंतसेनेस मारावयास सांगतो तेव्हां तो साफ नाकारतो आणि मार खातो. सांच्यांतून माणूस बाहेर येतो तो असा. पुण्याच्या प्रभात कंपनीच्या ‘संत तुकाराम’ (१९३६) मध्यें चमत्कार आहेत आणि सदेह वैकुंठगमनहि आहे. त्यांतली जिजाई प्रथम कजाग बायकोच्या ठराविक सांच्यांतली वाटते. पण आजारी मुलाला घेऊन ती देवळांत जाते व हातांत वहाण घेऊन विठोबाला जाब विचारते, तेव्हां आपलें हंसूं थांबतें. विमान विसरलें जातें, जिजाई राहते.

तेव्हां मुलांना हे चित्रपट पाहूं देऊं नयेत, असें मी म्हणत नाहीं; पाहिल्यावर जेवणाच्या पंगतींत त्यांना तीन प्रश्न विचारावे. आपण कोणाला हंसलों? ज्याला हंसलों त्यानें कांहीं आपल्या बुद्धीनें केलें काय? तो माणूस आज आपल्या घरीं पाहुणा म्हणून बसला असता, तर त्याच्यादेखत हंसलों असतों काय? तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर वडील मंडळींनींहि द्यावें. कारण भाजी घेऊन येणाऱ्या मावळी बाईच्या बोलण्याची नक्कल करून हंसण्याची खोड पुष्कळ सुशिक्षित घरांत आहे, आणि ती कोणत्याहि परदेशी यंत्रानें शिकविलेली नाहीं.