टाका नाही, तरी सुरी पडत नाही

माझ्या टेबलावर बागकामाच्या छोट्या सुरीचं एक म्यान आहे. साडेतीन मिलिमीटर जाडीच्या चामड्याचा एकच तुकडा मधोमध दुमडलाय आणि कडेला तांब्याचे चार रिव्हेट मारलेत. शिवण कुठेही नाही. सुरी आत सरकवली की शेवटच्या अर्ध्या बोटावर जराशी अडते, मग ‘टक्’ असा आवाज होतो आणि ती बसते. म्यान उलटं धरून झटकलं तरी पडत नाही. रिव्हेट फक्त दोन कडा जवळ धरून आहेत, सुरीला ते लागतसुद्धा नाहीत. मग सुरीला धरलंय कोणी?

नुसत्या आकारानं. या सुरीची मूठ पात्याच्या बाजूला फुगीर आहे आणि मागे बारीक होत जाते. म्यानाचं तोंड नेमकं त्या बारीक जागी आवळलेलं आहे. फुगवटा आत जाताना चामड्याला किंचित फाकवतो, आणि तो पुढे गेला की चामडं मागून मिटतं. ‘टक्’ आवाज त्या मिटण्याचा. हे चामडं म्यान होण्याच्या दोन दिवस आधी पाटासारखं सपाट होतं, आणि त्याला हा आकार द्यायला लागलं ते फक्त पाणी. मला अजून याचं नवल वाटतं.

कातडं म्हणजे मुख्यतः कोलॅजेन. दोरीला असतात तसे तीन पदर एकमेकांत पिळून त्याचा एक रेणू होतो. त्याची जाडी दीड नॅनोमीटर आणि लांबी सुमारे 300 नॅनोमीटर. तो बोटाएवढा जाड असता, तर तीन मीटर लांब भरला असता. अशा रेणूंचे तंतू, तंतूंच्या जुड्या, आणि त्या जुड्या सगळ्या दिशांनी एकमेकींत गुंतलेल्या. कापडाला उभा-आडवा धागा असतो, म्हणून ते कापलं की कडेनं उसवतं. चामड्यात असा धागाच नाही, त्यामुळे उसवायला काही नाही. रापीनं कापलेली कड आहे तशी ठेवली तरी चालते. बिनशिवणीच्या म्यानाची अर्धी हमी इथेच मिळते.

उरलेली अर्धी कमावण्यात आहे. हिरड्याचा तुकडा चघळून पाहा. क्षणात जीभ आवळते, तोंड कोरडं पडतं. हिरड्यातलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं, तोच हा तुरटपणा. बाभळीची साल आणि हिरडा घातलेल्या पाण्यात कातडं मुरत पडतं तेव्हा टॅनिन त्यातल्या कोलॅजेनलाही असंच धरतं. कातडं मग कुजत नाही, वाळून खडखडीत होत नाही. ते चामडं होतं.

हे चामडं कोमट पाण्यात बुडवलं की बुडबुडे येऊ लागतात. ते थांबले की पाणी आतपर्यंत पोचलं. पण लगेच हात घालायचा नाही. पृष्ठभागाचा रंग जवळजवळ पूर्ववत होईपर्यंत थांबायचं. गालाला लावलं तर गार लागायला हवं, आणि दाबलं तर पाणी सुटायला नको. या घडीला चामडं मळलेल्या मातीसारखं वागतं. सुरीवर दाबून चमच्याच्या गोल दांड्यानं कडा घासल्या की मुठीचा उंचवटा, पात्याचा खांदा, सगळं वर उमटतं. नखसुद्धा उमटतं, म्हणून बोटांची नखं आधी कापून ठेवलेली बरी.

आत काय चाललेलं असतं? ओल्या केसांची वेणी घालून झोपलं तर सकाळी केसांना लाटा आलेल्या असतात. पाण्यानं केसांतले बारीक बंध सुटतात आणि केस वाळताना वेणीच्या वळणातच नव्यानं जुळतात. चामड्याचंही तसंच. पाण्याचे रेणू तंतूंमध्ये शिरून त्यांची एकमेकांवरची पकड सैल करतात, तंतू सरकतात. पाणी निघून गेलं की ते जिथे असतील तिथेच पुन्हा बिलगतात. सावलीत दिवसभर, जाड चामडं असेल तर दोन दिवस, वाळू दिलं की झालं.

क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेल्या चामड्यात मात्र ही गंमत साधत नाही. जुन्या पिशवीचं मऊ चामडं मी वापरून पाहिलं होतं. वाळल्यावर ते निवांत उलगडून सपाट झालं. आता आधी कापलेली कड बघतो. क्रोमच्या चामड्याचा गाभा बहुधा निळसर-राखाडी असतो, साल-हिरड्याचं चामडं आरपार तपकिरी दिसतं.

उष्णता देऊन वाळवायची घाई मोडता घालते. कच्चं कातडं ओलं असताना साधारण 60 ते 65 अंश सेल्सिअसला एकदम आकसतं, सालीनं कमावलेलं 70 ते 85 च्या दरम्यान. पिळलेले पदर उलगडून आखडतात आणि मग काही ते परत फिरत नाहीत. आणखी उकळत ठेवलं तर कातड्याचा सरस होतो, सुतार वापरतो तो. ‘कोलॅजेन’मधला ‘कोला’ हा ग्रीक शब्दही डिंक-सरस याच अर्थाचा आहे. मध्ययुगीन युरोपातले कारागीर साच्यात आकार देऊन टणक केलेलं चामडं मुद्दाम वापरत. ब्लॅक प्रिन्स म्हणून ओळखला जाणारा इंग्लंडचा राजपुत्र एडवर्ड 1376 मध्ये वारला. त्याची ढाल कँटरबरीच्या कॅथीड्रलमध्ये आहे, आणि तिच्यावरचे सिंह नि लिलीची फुलं साच्यातून उठवलेल्या चामड्याची आहेत. साडेसहाशे वर्षं होत आली, सिंह सपाट झालेले नाहीत.

दाबताना सुरी प्लॅस्टिकच्या पातळ कागदात गुंडाळावी लागते. पहिल्या वेळी मी ते केलं नाही, आणि सकाळी म्यानाच्या तोंडाशी शाईसारखा निळा-काळा डाग होता. लोखंड आणि टॅनिन ओलाव्यात भेटले की काळा रंग तयार होतो. कलमकारीतला काळा याच भेटीतून येतो. आधी हिरड्यात भिजवलेलं कापड, मग त्यावर गूळ-पाण्यात कुजवलेल्या लोखंडाची रेघ. रेघ ओढताच काळी पडते. रिव्हेट तांब्या-पितळेचे घ्यायचे तेही यासाठीच. आणि रिव्हेटच्या कडेत, दोन थरांच्या मध्ये, चामड्याची एक अरुंद पट्टी बसवायची. पात्याची पाठ घडीकडे आणि धार या पट्टीकडे. शिवलेल्या म्यानात अशी पट्टी नसेल तर सुरी येता-जाता दोराच कापत बसते.

आपल्याकडे हे सगळं पायाखालीच घडत आलंय. साली-हिरड्यात कमावलेल्या चामड्याची नवी कोल्हापुरी पायाला चावते, आठवडाभर छळते, आणि मग एके दिवशी फक्त आपल्याच पायाची होते. अंगठ्याचा खळगा, टाचेची वाटी. ओलावा घामाचा, दाब आपल्या वजनाचा.

गेल्या जुलैत हे म्यान भर पावसात भिजलं. तोंड सैल पडलं, सुरी खुळखुळू लागली. पातं पुसलं, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून सुरी आत सरकवली आणि मुठीच्या मागची बारीक जागा दोन्ही अंगठ्यांनी दाबत बसलो. मग खिडकीपासून दूर, कपाटावर ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुरी ओढून काढली, प्लॅस्टिक सोडवलं, पुन्हा आत सरकवली. शेवटच्या अर्ध्या बोटावर ती जराशी अडली. टक्.